आयकराची थकबाकी: होऊ नये म्हणून काय करायचं, झालीच तर कशी फेडायची

व्याजापासून लांब राहायचं म्हणून आपल्यातली कितीतरी घरं गाडी हप्त्यावर घेत नाहीत. नड आलीच तर बँकेत न जाता मामाकडून, चाचाकडून कर्जे हसना घेतात. आणि त्याच घरात आयकर खात्याचा एक ईमेल दोन-तीन वर्षं न उघडता पडलेला असतो. त्यातल्या रकमेवर दर महिन्याला १ टक्का, म्हणजे वर्षाला १२ टक्के व्याज चढत असतं. ज्या व्याजाला आपण आयुष्यभर टाळलं, ते निव्वळ दुर्लक्षामुळे भरावं लागतं. म्हणून हा विषय आम्ही सविस्तर मांडतो आहोत. हा लेख जपून ठेवा, घरातल्या कमावत्या मुलामुलींनाही वाचायला द्या.

एक गोष्ट आधीच सांगतो. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला असून त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत. त्याआधीच्या वर्षांच्या थकबाकीला मात्र १९६१ चाच कायदा लागतो. खाली दिलेली कलमं १९६१ च्या कायद्यातली आहेत, कारण जुन्या नोटिसांवर तीच छापलेली असतात.

थकबाकी होते कशी?

कर बुडवायचाच म्हणून बसलेले लोक वेगळे. बहुतेक पगारदार आणि छोट्या धंदेवाल्यांची थकबाकी गैरसमजातून होते. नेहमी दिसणारी कारणं अशी.

पहिलं कारण, एका वर्षात दोन नोकऱ्या. समजा २०२५-२६ मध्ये पहिल्या कंपनीने ७ लाख पगार दिला आणि दुसरीने ८ लाख. नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून १२ लाख ७५ हजारांपर्यंत कर बसत नाही. दोन्ही कंपन्यांनी फक्त आपापला आकडा पाहिला आणि एक रुपयाही टीडीएस कापला नाही. पण एकूण पगार झाला १५ लाख. वजावट जाऊन १४ लाख २५ हजार. त्यावरचा कर ९३,७५० आणि ४ टक्के उपकर ३,७५०, म्हणजे ९७,५०० रुपये. हे सगळे एकदम खिशातून भरावे लागतात, वर व्याज वेगळं. उपाय सोपा आहे. नोकरी बदलली की जुन्या पगाराचा तपशील नव्या कंपनीला लेखी कळवा.

दुसरं कारण आपल्या समाजात फार दिसतं, ते म्हणजे बँकेचं व्याज. बचत खात्यात जमा झालेलं व्याज अनेक जण वापरत नाहीत, ते गरजूंना देऊन टाकतात. ‘जे माझं नाहीच ते उत्पन्नात कशाला दाखवू?’ असा विचार त्यामागे असतो. श्रद्धेच्या अंगाने या पैशांचं काय करायचं ते आपल्या उलेमांना विचारा. पण आयकर कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. व्याज तुमच्या खात्यात आलं की ते तुमचं उत्पन्न, मग पुढे कोणालाही द्या. बचत खात्याच्या व्याजावर बँक टीडीएस कापत नाही, पण आकडा खात्याला कळवते आणि तो तुमच्या वार्षिक माहिती पत्रकात म्हणजे एआयएसमध्ये उमटतो. विवरणपत्रात तो नसेल तर तफावत दिसते आणि नोटीस येते.

जकातीबद्दलही असाच गैरसमज आहे. जकात दिली म्हणून आयकर कमी होत नाही. देणगीची ८०जी वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तीही नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या रकमेवर आणि मर्यादेतच. रोखीने दिलेल्या २ हजारांच्या वरच्या देणगीवर ती मिळत नाही. शेजारच्या गरीब घराला दिलेली रक्कम कितीही मोठी असली तरी कराच्या हिशेबात धरली जात नाही.

तिसरं कारण, ‘रिफंड काढून देतो’ म्हणणारे एजंट. न भरलेलं घरभाडं, न दिलेली राजकीय देणगी, नसलेला विमा दाखवून परतावा मिळवायचा आणि त्यातला हिस्सा एजंटने घ्यायचा, असा हा उद्योग. जुलै २०२५ मध्ये आयकर खात्याने अशा मध्यस्थांविरुद्ध देशभर सुमारे १५० ठिकाणी तपासणी केली. एजंट सापडला की त्याच्या सगळ्या ग्राहकांची यादी खात्याच्या हाती लागते. मग परतावा व्याजासह परत करावा लागतो, आणि खोटी माहिती दिल्याचा दंड चुकवलेल्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत बसू शकतो. विवरणपत्र कोणीही भरलं तरी जबाबदारी तुमचीच राहते. सबमिट करण्याआधी प्रत्येक वजावट स्वतः वाचा.

चौथं कारण, मालकाने टीडीएस कापला पण सरकारजमा केला नाही. लहान कंपन्यांत हे घडतं. इथे कलम २०५ तुमच्या बाजूने आहे. पगारातून कापलेला कर पुन्हा तुमच्याकडून वसूल करता येत नाही. फक्त कापल्याचा पुरावा हवा. पगारपत्रकं आणि बँकेत जमा झालेल्या पगाराचं स्टेटमेंट नोकरी सोडल्यावरही जपून ठेवा.

विरासतीच्या घराचं भाडं

अब्बांच्या इंतकालनंतर घर किंवा गाळा वाटून घेतलेला नसतो. भाडं मोठ्या भावाच्या खात्यात येतं आणि तो सगळ्यांना देतो. एकोप्याच्या दृष्टीने ठीक, पण कराच्या कागदावर ते सगळं भाडं त्या भावाचं दिसतं.

मुस्लिम कायद्यात वारसांचे हिस्से ठरलेले असतात, त्यामुळे भाड्यावरचा कर ज्याने त्याने आपल्या हिश्श्यापुरता भरायचा. उदाहरण घेऊ. महिन्याला ४० हजार भाडं, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार. दुरुस्तीसाठीची ३० टक्के ठोक वजावट जाऊन राहिले ३ लाख ३६ हजार. (भरलेली घरपट्टी त्याआधी वजा होते, ती इथे सोडून दिली आहे.) वारस आई, दोन मुलगे आणि एक मुलगी असतील तर आईचा आठवा हिस्सा ४२ हजार, प्रत्येक मुलाचे १ लाख १७ हजार ६०० आणि मुलीचे ५८ हजार ८००. असं दाखवलं तर कदाचित कोणालाच जादा कर बसणार नाही. सगळं एका नोकरदार भावाच्या पगारात मिळवलं तर त्याच्यावर ओझं येतं.

यासाठी वारसांची सहीची हिस्सेयादी करून ठेवा आणि प्रत्येकाचा हिस्सा त्याच्या बँक खात्यात पाठवा. बहिणीचा हिस्साही तिच्याच खात्यात गेला पाहिजे. कागदावर हिस्सा बहिणीचा आणि पैसा भावाकडे, हे कराच्या नजरेतही टिकत नाही आणि इन्साफाच्या नजरेतही नाही.

रोखीचं कर्जे हसना

व्याज नाही, नफा नाही, मग कायद्याचा संबंध काय, असं वाटतं. पण कलम २६९एसएसनुसार २० हजार किंवा त्याहून जास्त रकमेचं कर्ज रोखीने घेता येत नाही. बिनव्याजी असो की व्याजी, नियम एकच. परतफेडही तेवढ्या रकमेपासून रोखीने चालत नाही. मोडलं तर दंड कर्जाच्या रकमेइतका होऊ शकतो. शादीसाठी घेतलेल्या ३ लाखांच्या रोख कर्जावर ३ लाखांचा दंड, असा हा हिशेब. वाजवी कारण असेल तर दंड टळतो, पण ते कारण सिद्ध करण्याचा भार आपल्यावर येतो. त्यापेक्षा कर्ज यूपीआय, एनईएफटी किंवा अकाउंट पेयी चेकने घ्या आणि दोघांच्या सहीचा कागद करा. देण्याघेण्याचं लिहून ठेवणं ही आपल्याकडची जुनीच शिकवण आहे.

बचत खात्यात वर्षभरात १० लाख किंवा जास्त रोख जमा झाली की बँक ते आयकर खात्याला कळवते. बीसीचे, नातेवाइकांचे किंवा मशिदीच्या कामाचे पैसे स्वतःच्या खात्यात ठेवणाऱ्यांनी हे विसरू नये. पैसे कोणाचे हे नंतर तुम्हालाच सांगावं लागतं.

व्याज आणि दंड किती?

विवरणपत्र उशिरा भरलं तर ५ हजार रुपये शुल्क. एकूण उत्पन्न ५ लाखांपर्यंत असेल तर १ हजार. शिवाय न भरलेल्या करावर कलम २३४एचं दरमहा १ टक्का व्याज. महिन्याचा एक दिवस झाला तरी पूर्ण महिना धरतात.

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १० हजार किंवा जास्त निघत असेल तर तो आगाऊ भरायचा असतो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. नाही भरला तर २३४बी आणि २३४सी खाली दरमहा १ टक्का. कलम ४४एडी किंवा ४४एडीएखाली अंदाजित उत्पन्न दाखवणाऱ्या दुकानदार, डॉक्टर, वकील यांनी सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकदाच भरला तरी चालतो. साठी ओलांडलेल्या आणि धंद्याचं उत्पन्न नसलेल्या रहिवासी ज्येष्ठांना आगाऊ करातून सूट आहे.

मागणी नोटीस आल्यावर ३० दिवसांत रक्कम भरायची असते. त्यानंतर कलम २२०(२) चं दरमहा १ टक्का सुरू होतं. ६० हजारांची मागणी १४ महिने तशीच ठेवली तर ८,४०० रुपये नुसतं व्याज झालं.

नोटीस आली तर

पहिलं काम, ती खरी आहे का बघणं. १ ऑक्टोबर २०१९ पासून खात्याच्या प्रत्येक पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो. आयकर पोर्टलच्या पहिल्याच पानावर नोटीस पडताळण्याची सोय आहे. तिथे लॉगिन न करताही क्रमांक टाकून बघता येतं. मेसेजमधल्या लिंकवर बोट ठेवू नका, पोर्टलचा पत्ता स्वतः टाइप करा. ओटीपी, कार्डाचा पिन किंवा ‘साहेबांना’ परस्पर पैसे मागणारा फोन आला तर तो ठगच समजा.

दुसरं काम, मागणी कशामुळे निघाली ते शोधणं. लॉगिन करून ‘पेंडिंग ॲक्शन्स’मध्ये ‘रिस्पॉन्स टू आउटस्टँडिंग डिमांड’ उघडा. आपलं विवरणपत्र, २६एएस, एआयएस आणि कलम १४३(१) ची सूचना शेजारी ठेवून ओळीनं ओळ ताडून बघा. पुष्कळदा कर भरलेला असतो, पण चलनात वर्ष किंवा प्रकार चुकलेला असतो. आगाऊ कराचा कोड १००, स्वयंनिर्धारण कराचा ३०० आणि मागणीपोटी भरायच्या रकमेचा ४००. तो चुकला की पैसे जमा होऊनही मागणी तशीच दिसते. अशा वेळी पुन्हा पैसे भरू नका, चलन दुरुस्तीचा अर्ज करा.

मागणी बरोबर असेल तर ‘ई-पे टॅक्स’मधून भरा आणि चलन जपून ठेवा.

मागणी चूक असेल तर गप्प बसू नका. पोर्टलवर ‘असहमत’ पर्याय निवडून कारण आणि पुरावा द्या. हिशेबाची उघड चूक असेल तर कलम १५४ खाली दुरुस्ती अर्ज करा. आदेश ज्या आर्थिक वर्षात निघाला ते संपल्यापासून ४ वर्षांपर्यंत तो करता येतो. मुद्दाच पटत नसेल तर ३० दिवसांत फॉर्म ३५ भरून अपील करा. फी २५० ते १,००० रुपये आहे. मात्र स्वतः विवरणपत्रात कबूल केलेला कर आधी भरलेला असावा लागतो. अपील चालू असताना वसुली थांबवण्यासाठी वेगळा अर्ज लागतो. साधारणपणे वादातल्या मागणीचा ठरावीक भाग भरल्यावर स्थगिती मिळते.

जुन्या थकबाकीपोटी चालू वर्षाचा परतावा अडकवायचा असेल तर खातं कलम २४५ ची सूचना पाठवतं. उत्तराला २१ दिवस मिळतात. उत्तर दिलं नाही तर परतावा वळता होतो.

फार जुनी, छोटी रक्कम दिसत असेल तर ती अजून शिल्लक आहे का बघा. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पानंतर सरकारने करनिर्धारण वर्ष २०१०-११ पर्यंतच्या २५ हजारांपर्यंतच्या आणि २०११-१२ ते २०१५-१६ च्या १० हजारांपर्यंतच्या मागण्या, एका करदात्यामागे एकूण १ लाखाच्या मर्यादेत, मागे घेतल्या आहेत.

भरायला पैसेच नसतील तर

विवरणपत्र तरीही मुदतीत भरा. पैसे नाहीत म्हणून विवरणपत्रच न भरणं सगळ्यात महाग पडतं, कारण करावरच्या व्याजात उशिराचं शुल्क आणि वेगळं व्याज मिळतं. जमेल तेवढी रक्कम भरा. तेवढ्यावरचं व्याज त्या दिवसापासून थांबतं.

मागणी आली असेल तर ३० दिवसांच्या आत करनिर्धारण अधिकाऱ्याकडे कलम २२०(३) खाली मुदतवाढ किंवा हप्त्यांसाठी अर्ज करा. अर्जात महिन्याची आवक, घरखर्च, आजारपण, अवलंबून असलेली माणसं आणि दरमहा किती भरू शकता हे साधेपणाने लिहा, सोबत बँक स्टेटमेंट जोडा. पाळता येईल तोच आकडा लिहा. हप्ते मिळाले तरी शिल्लक रकमेवर व्याज चालूच राहतं, म्हणून घरात सोनं किंवा नातेवाइकांकडून कर्जे हसना मिळण्यासारखं असेल तर लवकर मिटवण्यातच फायदा आहे.

मागणीवरचं व्याज माफ किंवा कमी करण्याची सोय कलम २२०(२ए) मध्ये आहे. त्याला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: भरल्याने खरी अडचण झाली किंवा होईल, उशीर आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला, आणि आपण चौकशीत व वसुलीत सहकार्य केलं. प्रत्येक नोटिशीला दिलेलं उत्तर इथे कामी येतं.

काहीच केलं नाही तर खातं कलम २२६(३) खाली थेट बँकेला पत्र देऊन खात्यातली रक्कम वळती करू शकतं. संयुक्त खातं असेल तर प्रत्येकाचा वाटा सारखा धरतात. अम्मीच्या पेन्शनचं खातं सोयीसाठी मुलाच्या नावे जोडलेलं असेल आणि थकबाकी मुलाची असेल, तर पैसे अम्मीचे असल्याचं पुराव्याने सांगावं लागतं. थकबाकी असणाऱ्याने घरातल्या इतरांच्या खात्यांत आपलं नाव जोडू नये, हे बरं.

नोटीस आली नाही, पण चूक लक्षात आली तर

३१ डिसेंबरपर्यंत उशिराचं विवरणपत्र भरता येतं. तेही गेलं तर अद्ययावत विवरणपत्र आहे. संबंधित करनिर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत ते भरता येतं. पहिल्या १२ महिन्यांत कर आणि व्याजावर २५ टक्के जादा, २४ पर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के. परतावा मागण्यासाठी याचा उपयोग नाही. नोटीस यायच्या आधी आपणहून केलेली दुरुस्तीच स्वस्त पडते.

मयताची थकबाकी

घरातला माणूस गेला तरी त्याचा कर संपत नाही. कलम १५९ प्रमाणे तो वारसांकडे येतो, पण मयताने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरताच. बेवा किंवा मुलांच्या स्वतःच्या कमाईतून तो वसूल होत नाही. पण थकबाकी ठेवून मालमत्ता विकली किंवा वाटून टाकली तर विकणारा वारस त्या मालमत्तेच्या किमतीइतका स्वतः जबाबदार होतो.

आपल्या विरासतीचा क्रमही हेच सांगतो: आधी कफन-दफनाचा खर्च, मग कर्ज आणि देणी, त्यात बायकोचा बाकी मेहरही येतो, मग एक तृतीयांशाच्या आतली वसीयत आणि शेवटी वारसांचे हिस्से. म्हणून वाटणीला बसण्याआधी एका वारसाने पोर्टलवर कायदेशीर वारस म्हणून नोंदणी करावी, मयताचं अखेरच्या दिवसापर्यंतचं विवरणपत्र भरावं आणि जुनी मागणी आहे का ते बघावं.

आखातात कमावणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, रायगडकडच्या कितीतरी घरांचा कर्ता माणूस आखातात असतो. तो अनिवासी असेल तर तिथला पगार इथे करपात्र नाही. इथल्या फ्लॅटचं भाडं मात्र आहे. आणि १२ लाखांपर्यंत कर शून्य करणारी ८७ए ची सवलत फक्त निवासींना मिळते. अनिवासीचा नव्या प्रणालीतला कर ४ लाखांच्या वर सुरू होतो. कायमचं परतल्यावर एनआरई खातं तसंच ठेवू नका, बँकेला कळवा. निवासी झाल्यावर त्या खात्याचं व्याज करमुक्त राहत नाही. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर निवासाचे नियम जास्त कडक आहेत. तिथे जाणकार सीएचा सल्ला घ्या.

थकबाकी असली की विमानतळावर अडवतात ही अफवा आहे. परदेशी जाताना कर मंजुरीचा दाखला गंभीर आर्थिक गैरव्यवहारात किंवा स्थगिती नसलेली थकबाकी १० लाखांच्या वर असेल तेव्हाच मागितला जाऊ शकतो. सरकारने २०२४ मध्ये तसा खुलासा केला आहे.

वर्षभर एवढं पाळा

पोर्टलवर स्वतःचा चालू मोबाइल आणि ईमेल ठेवा, एजंटचा नको. अनेकांना नोटीस मिळतच नाही ती याच कारणाने. पासवर्डही आपल्याकडेच हवा. दर तीन महिन्यांनी एकदा एआयएस आणि थकीत मागणीचं पान उघडून बघा. मार्चच्या पहिल्या आठवड्यात वर्षाच्या कराचा अंदाज काढा आणि १५ तारखेच्या आत भरा. धंदा असेल तर रोजच्या गल्ल्यातून थोडी रक्कम कराच्या नावाने वेगळी काढा. ३१ जुलैची वाट न बघता जूनअखेर कागद जमवा. अडलं तर खात्याचा निःशुल्क क्रमांक १८०० १०३ ००२५ आहे.

आणि घरात कोणाला नोटीस आली असेल तर त्याला बोल लावू नका. लाजेपोटी लपवलेली नोटीसच पुढे मोठी होते. आज रात्री जेवण झाल्यावर एकदा विचारा, ‘कोणाला काही ईमेल आलाय का?’